घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, फॉरमॅट न करता निघेल का?

अरुणावती | १८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

सगळ्यांना नमस्कार. दिग्रस तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी डेस्कटॉप आहे, २०१९ मध्ये सेकंडहँड घेतलेला. विंडोज १०, रॅम ४ जीबी. माझ्या तीन वर्षांच्या परीक्षेच्या नोट्स, बाबांचे सातबारा आणि फेरफार, बहिणीच्या लग्नाचे फोटो, सगळं त्यातच आहे. दुसरीकडे कुठंच प्रत नाही. हे लिहितानाही पोटात गोळा येतो आहे.

दिवाळीनंतर हरभऱ्याच्या विम्याचे कागद प्रिंट करायला पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याला गेले होते. घरी आल्यावर लावला तर सगळ्या फोल्डरांवर छोटा बाण आलेला आणि प्रत्येकाचा आकार एक-दोन केबी. एकावर क्लिक केलं तर फोल्डर नेहमीसारखं उघडलं, म्हणून लक्ष दिलं नाही. आता घरच्या कॉम्प्युटरला कोणताही पेनड्राइव्ह लावला की त्याचीही तीच गत होते.

शिवाय खाली उजव्या कोपऱ्यात सारखी लाल पाटी येते, ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, येथे क्लिक करा’. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद पडला आहे. चालू करायला गेलं की हे सेटिंग प्रशासकाच्या ताब्यात आहे अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं. आणि काल रात्री दोन वाजता फोनवर जीमेलची सूचना आली की नव्या उपकरणावरून लॉगिन झालं. तेव्हा मी झोपलेली होते.

दुकानातले दादा म्हणतात, आणून द्या, फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये, डेटाची खात्री नाही. सध्या कापूस वेचणी चालू आहे, दिवसा उसंत नाही, पण रात्री बसू शकते. फॉरमॅट न करता काही मार्ग आहे का?

पैनगंगाकाठ | रात्री ९:५२

ताई, बाकी सगळं नंतर. आधी त्या कॉम्प्युटरचं नेट बंद करा. हॉटस्पॉट वापरत असाल तर फोनवरून बंद करा, आणि कॉम्प्युटरमधूनही ते वायफाय ‘फर्गेट’ करून टाका, म्हणजे आपोआप जोडलं जाणार नाही.

मग फोनवरून, फक्त फोनवरून, जीमेलचा पासवर्ड बदला. कॉम्प्युटरवर बसून बदललात तर नवा पासवर्डही त्याच चोराच्या हातात जाईल. तिथंच गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘तुमची उपकरणं’ अशी यादी दिसेल. अनोळखी असेल ते साइन आउट करा. खरं तर हातातला फोन सोडून सगळीच करा.

अरुणावती | रात्री १०:२०

केलं. यादीत तीन उपकरणं होती. माझा फोन, घरचा कॉम्प्युटर आणि एक विंडोजचं, ते आमचं नाही. दोन्ही काढली. हात थरथरत होते. पण मला ओटीपी आला नाही, मग तो आत शिरला कसा?

झाडीपट्टी | रात्री ११:०५

मी चंद्रपूरला एका कार्यालयाची यंत्रणा सांभाळतो, हे रोजचं आहे. ओटीपीचं आधी सांगतो, कारण इथंच बहुतेकांची फसगत होते.

आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक छोटी खूण जपून ठेवतो. तिला कुकी म्हणतात. दुसऱ्या दिवशी पासवर्ड न मागता मेल उघडतो तो तिच्यामुळे. माहिती चोरणाऱ्या व्हायरसची एक जात आहे, ती ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतेच, ही कुकीही उचलते. ती कुकी चोराच्या मशीनवर ठेवली की गुगलला वाटतं, हा ओळखीचाच माणूस आहे. म्हणून ओटीपी विचारलाच गेला नाही. पासवर्ड बदलण्यासोबत सगळीकडून साइन आउट करायला पैनगंगाकाठ यांनी सांगितलं ते यासाठीच, त्यानं जुनी कुकी निकामी होते.

आता तुमचा आजार. तुम्ही एक समजताय, पण मला यात तीन वेगवेगळे रोग दिसतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

कोपऱ्यातली लाल पाटी बहुधा व्हायरस नाहीच. कुठल्या तरी साइटनं ‘अलाउ’ दाबायला लावलं, त्या परवानगीवर येणारी ती जाहिरात आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथली अनोळखी नावं काढली की थांबेल. तोवर त्या पाटीवर क्लिक करू नका. त्यातून दिलेल्या नंबरावर फोन तर अजिबात नको.

बाणवाले फोल्डर हा पेनड्राइव्हचा किडा. तो बाहेरून, दुकानातून आला. तो खरी फोल्डरं लपवतो आणि त्या नावाचे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालते आणि मग खरं फोल्डर उघडतं, त्यामुळे माणसाला शंका येत नाही.

तिसरा रोग सगळ्यात वाईट. डिफेंडर बंद पाडणारा आणि जीमेलपर्यंत पोहोचलेला. हा पेनड्राइव्हच्या किड्याचा उद्योग वाटत नाही. मोकळेपणानं सांगा, गेल्या पंधरा-वीस दिवसांत कुणी एखादं सॉफ्टवेअर फुकटात चालू करायचं क्रॅक किंवा अ‍ॅक्टिव्हेटर टाकलं का?

वऱ्हाडीबोली | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

ताई, माह्या कॉम्प्युटरले बी मागच्या साली हेच झालतं. भेव नका. तुमचे फोल्डर कुठी गेले नाईत, तिथंच हायेत, फकस्त लपवले हायेत. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा अन् हे टाइप करा (मी मराठीत लिहून ऱ्हायलो, तुम्ही इंग्रजी अक्षरं टाका): अ‍ॅट्रिब, जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, वजा एस, जागा, तिरपी रेघ एस, जागा, तिरपी रेघ डी, जागा, मंग पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी तिरपी रेघ, चांदणीची खूण, टिंब, परत चांदणीची खूण. एंटर. जरासा वेळ घेते, मंग सगळे फोल्डर वापस दिसतात. माह्या पोट्टीचे बारशाचे फोटो असेच भेटले मले.

झाडीपट्टी | सकाळी ७:१०

भाऊंची कमांड बरोबर आहे. फक्त ती आत्ता त्याच कॉम्प्युटरवर चालवू नका. किडा आत जिवंत असेपर्यंत तो पुन्हा लपवत राहील. जपून ठेवा, लागेल.

अरुणावती | १९ नोव्हेंबर, रात्री ८:४५

घरी विचारलं. पुतण्या अकरावीला आहे. त्यानं प्रोजेक्टसाठी ऑफिस चालू करायला यूट्यूबवरच्या एका व्हिडिओखालची लिंक वापरून अ‍ॅक्टिव्हेटर उतरवला होता. झिप फाइल होती, तिला पासवर्ड होता, आणि टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करा असं त्यात लिहिलं होतं. भाऊ त्याच्यावर खूप चिडले. तो जेवला नाही.

जुनीपाटी | रात्री ९:१५

बाई, त्याला आधी जेवायला बसवा. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलानं खरं सांगितलं त्या दिवशी मार खाल्ला, तर पुढच्या वेळी तो फाइल गुपचूप डिलीट करेल आणि तुम्हाला काही कळणारच नाही. आज त्याच्यामुळे नेमकं कारण सापडलं. ती फाइल कुठल्या दिवशी टाकली, नंतर कुठे कुठे लॉगिन केलं, हे त्यालाच शांतपणे विचारून कागदावर लिहून घ्या.

आणि त्याला हेही समजावा की झिपला पासवर्ड का असतो. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला पाहता येत नाही. म्हणूनच तो पासवर्ड व्हिडिओच्या खाली लिहून देतात. अँटिव्हायरस बंद करा म्हणणारा माणूस म्हणजे राखणीचं कुत्रं बांधून ठेवा म्हणणारा पाहुणा. पोराला हे एकदा कळलं की तो आयुष्यभर विसरणार नाही.

कोरडवाहू | रात्री ९:५०

मला सरसकट फॉरमॅट हा सल्ला पटत नाही. खेड्यात फॉरमॅट म्हणजे ड्रायव्हर शोधा, प्रिंटर परत बसवा, मराठी फॉन्ट परत टाका, आठवडा जातो. मी बऱ्याच मशीन साफ करून दिल्या आहेत. सेफ मोडमध्ये जा, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू होतं. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं छोटं फुकट साधन आहे, त्यात कॉम्प्युटर सुरू होताना काय काय आपोआप चालतं ते सगळं दिसतं. पेनड्राइव्हच्या किड्याची स्क्रिप्ट तिथं बहुतेक डब्ल्यूस्क्रिप्टच्या नावानं चालताना सापडते. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, म्हणजे टास्क शेड्युलरही बघा, काढलेला व्हायरस परत येतो तो बऱ्याचदा तिथून. मग मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर चालवा, तो उतरवल्यापासून दहाच दिवस चालतो, म्हणून ताजा घ्या. शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. तो विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, त्यामुळे व्हायरसला लपणं अवघड जातं.

आणि एक जागा कुणीच पाहत नाही, डिफेंडरमधली ‘एक्स्क्लूजन्स’ची, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या गोष्टींची यादी. हे चोर पूर्ण सी ड्राइव्ह त्यात टाकून ठेवतात. मग स्कॅन कितीही करा, ‘काही सापडलं नाही’ हेच उत्तर येतं आणि माणूस निर्धास्त होतो.

झाडीपट्टी | रात्री १०:३०

कोरडवाहू, तुमचं सगळं बरोबर आहे. नुसता पेनड्राइव्हचा किडा असता तर मीही हेच सांगितलं असतं, फॉरमॅटची गरज नव्हती. पण इथं अ‍ॅक्टिव्हेटर प्रशासकाच्या हक्कानं चालवला गेला आणि खात्यात परका माणूस शिरला. त्यानं मागे आणखी काय ठेवलं याची खात्री स्कॅनर देऊ शकत नाही. त्याला जे ओळखता येतं तेच तो काढतो. याच कॉम्प्युटरवर बाबांच्या बँकेचं काम होणार असेल तर मी साफसफाईवर विसंबणार नाही. डेटा आधी सुखरूप बाहेर काढायचा आणि मग पूर्ण नव्यानं विंडोज टाकायचं.

फॉरमॅट म्हणजे डेटा गेला, हे समीकरण दुकानात झालं आहे, कारण डेटा काढायला दोन तास लागतात आणि पाचशे रुपयांत ते परवडत नाही. तुम्ही ते घरी करू शकता.

लिनक्स मिंट नावाची फुकट प्रणाली आहे. ती पेनड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करता येतो, काहीही इन्स्टॉल न करता. विंडोज झोपलेलंच राहतं, त्यामुळे त्यातला किडाही झोपलेला राहतो. मिंटमधून तुमची सी आणि डी ड्राइव्ह उघडायची आणि फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायच्या. ४ जीबी रॅमला एक्सएफसीई आवृत्ती घ्या. दोन गोष्टी पाळा. मिंटमध्ये जाण्याआधी विंडोज शट डाऊन करू नका, रीस्टार्ट करा. शट डाऊन केल्यावर विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि ड्राइव्ह नीट उघडत नाही. दुसरं, नावाच्या शेवटी ईएक्सई, व्हीबीएस, बॅट, एलएनके असलेली एकही फाइल उचलू नका. फोल्डरासारखं चित्र आणि नावाशेवटी ईएक्सई असं काही दिसलं तर ते फोल्डर नाही.

अरुणावती | रात्री १०:५०

समजलं. पण आमच्याकडे रोजचा दीड जीबी डेटा. मिंट आणि विंडोज दोन्ही उतरवायला आठवडा जाईल, आणि तोवर कॉम्प्युटर असाच. बाहेरची डिस्कही नाही.

जुनीपाटी | रात्री ११:००

मी दारव्ह्याला असतो, घरी फायबर आहे. रविवारी येणं जमेल का? दोन पेनड्राइव्ह आणा, विंडोजसाठी किमान ८ जीबीचा लागतो. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही करून ठेवतो. माझ्याकडची ५०० जीबीची जुनी डिस्क तुम्ही महिनाभर वापरा. पुतण्याला सोबत आणा.

पैनगंगाकाठ | २० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

रविवारपर्यंत आणखी काही. क्रोममध्ये साठवलेले सगळे पासवर्ड चोरीला गेले असं धरूनच चला. फोनवरून एकेक बदला, आधी बँक, मग महाडीबीटी, मग परीक्षेचे अर्ज भरता ती खाती. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ही बघा. चोर कधी कधी तुमचा मेल गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही ते वळण तसंच राहतं.

डेस्कटॉपवर आधारची पीडीएफ होती का? ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, तो ओळखणं अवघड नाही. घरातल्या सगळ्यांचं बायोमेट्रिक एमआधार अ‍ॅपमधून लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतं. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर क्षणभरही न थांबता १९३० ला फोन करा. पहिल्या तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मेळघाटवारा | दुपारी १:२०

धाग्याच्या विषयाशी जवळचं म्हणून विचारते. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीएम किसानच्या नावानं एपीके, म्हणजे अ‍ॅप टाकायची फाइल आली आहे. काकांनी फोनमध्ये टाकली. काय करू?

झाडीपट्टी | दुपारी २:००

आत्ताच्या आत्ता फोन एअरप्लेन मोडवर टाका. ही फाइल मेसेज वाचायची परवानगी घेते आणि बँकेचे ओटीपी पुढे पाठवते. ते अ‍ॅप काढा. निघत नसेल तर सुरक्षा सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधून आधी त्याचा हक्क काढा, मग निघेल. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. कामाचे फोटो दुसरीकडे घेऊन फोन रीसेट केलात तर उत्तम. ग्रुपवरही लिहा, कारण काकांच्या नंबरावरून तीच फाइल पुढे गेलेली असू शकते.

अरुणावती | २३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

आजचा दिवस लिहून ठेवते, माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

सकाळच्या एसटीनं पुतण्याला घेऊन दारव्ह्याला गेले. गुरुजींनी आमचे दोन्ही पेनड्राइव्ह तयार करून दिले. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुतण्याला गुरुजींनी स्वतःशेजारी बसवून सगळं दाखवलं. परतताना तो गाडीत मला समजावत होता, कुकी म्हणजे काय.

घरी आल्यावर लगेच नाही बसले. संध्याकाळी लाइन जाते-येते, आणि विंडोज टाकताना मधेच लाइन गेली तर ते अर्धवट राहील आणि परत पहिल्यापासून टाकावं लागेल, असं गुरुजींनी बजावलं होतं. शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून आणली.

आधी विंडोजमधून जमेल तेवढं पाहिलं. कोरडवाहू दादा, तुम्ही म्हणालात तेच. डिफेंडरच्या त्या यादीत पूर्ण सी ड्राइव्ह होती. मागच्या आठवड्यात मी स्कॅन केला होता, ‘धोका नाही’ असं आलं होतं आणि मी देवासमोर दिवा लावला होता.

मग रीस्टार्ट करून एफ १२ दाबलं, कशावरून सुरू करायचं त्या यादीत पेनड्राइव्ह निवडला आणि मिंट सुरू झालं. तो बाणवाला पेनड्राइव्ह लावला तर आत एक फोल्डर दिसलं ज्याला नावच नव्हतं, कोरी जागा. त्यात लपवलेली सगळी फोल्डरं होती. मग सी आणि डी उघडली, तिथंही सगळं होतं. हळदीचे फोटो, वरातीचे, पाठवणीचे. आई मागे उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त खुर्चीला धरून उभी राहिली. ६८ जीबी कॉपी व्हायला तीन तास गेले.

आता विंडोज टाकायचं आहे. दोन प्रश्न. डी ड्राइव्ह तशीच ठेवू का? आणि विंडोजची की, म्हणजे ते चालू करायचा कोड, माझ्याकडे नाही.

झाडीपट्टी | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मन भरून आलं वाचून.

डी सुद्धा पुसा. त्यावरही शॉर्टकट आणि स्क्रिप्ट असू शकतात, आणि डेटा तर आता डिस्कवर आहे. पण पुसण्याआधी त्या डिस्कवरच्या दहा-पंधरा फाइली वेगवेगळ्या ठिकाणच्या उघडून बघा, नुसती नावं पाहून समाधान मानू नका. की ची काळजी नको. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ला डिजिटल लायसन्सनं चालू असं दिसत असेल, तर त्याच मशीनवर नेट लागल्यावर विंडोज स्वतः ओळखून घेतं. टाकताना की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा.

त्यानंतर क्रोममध्ये लॉगिन केलं की सिंकमधून, म्हणजे गुगल खात्यात जपलेल्या प्रतीतून, जुनी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) परत येतात. अनोळखी असेल ते लगेच काढा, नाहीतर नव्या घरात जुनी घूस येईल. आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाल्या आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्यानं नोंदणी केली तर वाढीव सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ती नोंदणी विसरू नका. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस टाका. फुकट आहे, मराठीतही आहे, पुतण्याचा प्रोजेक्ट त्यात होतो.

कोरडवाहू | सकाळी ८:१५

माझं मत मी बदलतो. अ‍ॅक्टिव्हेटर चालला असेल तर पुसणंच बरं.

दुकानात प्रिंटला जाताना मी काय करतो ते सांगतो. जुन्या फोनमधलं मेमरी कार्ड आणि ते घालायचा अ‍ॅडाप्टर घ्या. त्याच्या बाजूला छोटी सरकती खिट्टी असते, ती लॉककडे सरकवली की बहुतेक कार्ड रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत. दुकानाच्या मशीनमध्ये किडा असला तरी कार्डावर येत नाही. दुकानात रीडर नसेल तर पीडीएफ मेल करा, पेनड्राइव्ह काढूच नका.

वऱ्हाडीबोली | सकाळी ८:४०

हे खिट्टीचं मले माईतच नोतं भाऊ. आजच पाह्यतो.

अरुणावती | २५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

झालं. विंडोज की न मागता चालू झालं. लाल पाटी नाही, डिफेंडर चालू, यादी रिकामी. क्रोममध्ये ‘कूपन’ नावाचं एक एक्स्टेन्शन खरंच परत आलं होतं, काढलं. वऱ्हाडीबोली भाऊ, तुमची कमांड दोन जुन्या पेनड्राइव्हवर चालवली, दोन्हींतलं सगळं मिळालं. प्रिंटर अजून ओळखत नाही, ते उद्या बघते.

तालुक्याच्या दुकानातल्या दादांनाही फोन करून सांगितलं की तुमच्या मशीनमध्ये किडा आहे. त्यांना माहीत नव्हतं. गुरुजींनी करून दिलेला मिंटचा पेनड्राइव्ह घेऊन पुतण्या शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहे.